मैलांची पुंजी

संसारी माणसाला सांठवण्याचा नाद उपजतच असतो. कोणी पैसा सांठवितो, कोणी पुस्तकें सांठवितो, कोणी जुन्या छत्र्या आणि रिकाम्या बाटल्या सांठवितो; आणि ज्यांना या जगांतलें कांहींच सांठवतां येत नाहीं ते परलोकासाठीं पुण्य सांठवितात. मीही एक वस्तु गेलीं पंधरा वर्षें सांठवीत आलों आहें. ती हातांत धरतां येत नाहीं, पेटींत ठेवतां येत नाहीं, बाजारांत विकतां येत नाहीं, आणि आपल्यामागें मुलांना वांटून देतां येईल याचीही शाश्वती नाहीं. विमानकंपन्या तिला ‘मैल’ किंवा ‘पॉइंट’ म्हणतात.

आमच्यासारख्या मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत हे पॉइंट कसे शिरतात तें सांगावयास नकोच. मुलगी बोस्टनला असते. दोन वर्षांनीं एकदां आईबाप तिकडे जाऊन येतात. बँक एक कार्ड देते. त्या कार्डावर किराणा, विजेचें बिल, नातवाची तीनचाकी असें सारें चढतें. मग एके दिवशीं ध्यानींमनीं नसतांना निरोप येतो कीं, आपल्या खात्यावर ३२,००० पॉइंट जमा आहेत. गृहस्थाला क्षणभर वाटतें, गुप्तधन सांपडलें! पण हें धन कोठें व कसें खर्च करावें हें त्याला कोणीच सांगत नाहीं. तेव्हां त्या निरोपाबरोबर आलेल्या जाहिरातींतली एक इस्त्री किंवा न चिकटणारा तवा तो मागवितो. आणि गुप्तधनाचा तवा झाला, याचें त्याला फारसें वाईटही वाटत नाहीं.

माझे एक स्नेही महाविद्यालयांत गणित शिकवितात. असा तवा पाहिला कीं त्यांना खरोखरच यातना होतात. त्यांचें सूत्र अगदीं साधें आहे. तिकिटाची रोख किंमत घ्यावी. पॉइंट देऊनही जे कर व आकार भरावेच लागतात ते तींतून वजा करावे. राहिलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनीं भागावें. तिकीट १२,००० रुपयांचें, कर १,५०० रुपये आणि पॉइंट १५,००० असतील, तर एका पॉइंटाला ७० पैसे पडले. हाच हिशेब तव्याला लावून पाहिला तर यांतले निम्मे पैसेही बहुधा हातीं येत नाहींत. एकच पॉइंट एका ठिकाणीं चवलीचा, तर दुसऱ्या ठिकाणीं रुपयाचा. म्हणून पॉइंट किती आहेत यापेक्षां ते कोठें मोडावे, हाच खरा प्रश्न आहे असें ते म्हणतात.

या सूत्राला त्यांनीं कांहीं उपनियमही जोडले आहेत. पहिला असा कीं, जें तिकीट आपण रोख पैशानें कधींच घेतलें नसतें त्याच्या छापील किमतीनें हुरळून जाऊं नये. विमानाच्या पुढच्या भागांतली निजण्याची खुर्ची तीन लाखांची असेल; पण आपण तिला साठ हजारांवर मोजणारे नसूं, तर आपल्यापुरती ती साठ हजारांचीच. दुसरा असा कीं, कंपन्यांचीं मित्रमंडळें ओळखून असावें. ‘स्टार अलायन्स’ हें असलें मोठें मंडळ १९९७ सालीं निघालें आणि एअर इंडिया त्यांत २०१४ सालीं दाखल झाली. अशा मंडळांत एका कंपनीचे मैल देऊन दुसरीच्या विमानांत बसतां येतें, आणि पुष्कळदां खरा लाभ या आडवाटेनेंच होतो. तिसरा असा कीं, बँकेच्या कार्डावरचे पॉइंट विमानकंपनीकडे वळविण्यापूर्वीं हवी ती जागा शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. कारण एकदां वळविलेले पॉइंट बहुधा परत फिरत नाहींत. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा, असा कीं कार्डाचें देणें महिन्याच्या महिन्याला पुरें फेडावें. महिना तीन टक्क्यांहून अधिक व्याज भरून जो मैल मिळवितो, तो विमानानें नव्हे, सावकाराच्या खांद्यावर बसून प्रवास करतो!

ही विद्या जन्मली अमेरिकेंत. १९७८ सालीं त्या देशानें विमानांच्या भाड्यांवरचे व मार्गांवरचे सरकारी निर्बंध उठविले. कंपन्यांची एकमेकींशीं झुंज लागली, आणि आलेलें गिऱ्हाईक बांधून कसें ठेवावें याची प्रत्येकीला विवंचना पडली. १ मे १९८१ रोजीं ‘अमेरिकन एअरलाइन्स’नें मैल मोजण्याची आपली योजना सुरू केली, तिच्या पाठोपाठ थोड्याच दिवसांत ‘युनायटेड’नें आपली काढली, आणि पुढें जगभर ही प्रथा रूढ झाली. तींतली मेख सुरेख आहे. विमान एकदां उडालें कीं त्यांतली रिकामी खुर्ची नासलेल्या दुधाहूनही निरुपयोगी होते. दुधाचें निदान पनीर तरी करतां येतें. ही खुर्ची बक्षीस देण्यास कंपनीला जवळजवळ कांहींच पडत नाहीं, पण घेणारा मात्र ती पुऱ्या भाड्याच्या मोलानें आपल्या मनांत मांडतो. दिलें थोडें आणि उपकार मोठा, असें दान करावयास कर्णालाही जमलें नसतें.

दुसरी मेख याहून सूक्ष्म आहे. तिकिटाचे पैसे देतें कार्यालय, पण मैल जमा होतात जाणाऱ्याच्या नांवावर. मग जाणारा कोणती कंपनी निवडील तें काय सांगावें? या गोष्टीला कोणी लांच म्हणत नाहीं इतकेंच. जर्मनींत मात्र ती एकदां चांगलीच भोंवली. सार्वजनिक कामाच्या प्रवासांत मिळालेले मैल खाजगी प्रवासासाठीं वापरल्याचें २००२ सालीं उघडकीस आलें, तेव्हां ग्रेगोर गिझी या पुढाऱ्याला बर्लिन प्रांताच्या मंत्रिमंडळांतली आपली जागा सोडावी लागली. रिकाम्या खुर्चीसाठीं भरली खुर्ची गेली!

या विद्येचे कांहीं सिद्धपुरुषही होऊन गेले आहेत. १९९९ सालीं अमेरिकेंतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनें आपल्या मालावरचे छाप काढून पाठविणाऱ्यांस मैल देऊं केले. कॅलिफोर्नियांतल्या एका इंजिनियराच्या ध्यानांत आलें कीं, तिच्या पुडिंगची एक वाटी पंचवीस सेंटांना मिळते आणि तिच्यावरच्या छापाचे मैल त्याहून पुष्कळ अधिक मोलाचे आहेत. त्यानें सुमारें ३,१४० डॉलर खर्चून १२,००० हून अधिक वाट्या विकत घेतल्या. छाप सोलण्याचें काम एका धर्मादाय संस्थेच्या लोकांनीं केलें, मोबदल्यांत पुडिंग संस्थेला मिळालें, आणि त्या गृहस्थाच्या पदरांत साडेबारा लाख मैल पडले. पुढें अमेरिकन सरकारच्या टांकसाळीनें, एक डॉलरचीं नाणीं लोकांच्या हातीं खेळावींत म्हणून, तीं दर्शनी किमतीला आणि टपालखर्च न आकारतां घरपोंच देण्यास आरंभ केला. चतुर लोक तीं क्रेडिट कार्डावर हजारोंनीं मागवीत, पेट्या तशाच बँकेंत नेऊन भरीत आणि त्याच पैशांतून कार्डाचें देणें फेडीत. मैल तेवढे शिल्लक राहत. टांकसाळीनें २०११ सालीं ही कार्डावरची विक्री बंद केली. या कथा माझे स्नेही अशा भक्तिभावानें सांगतात कीं, ऐकणाऱ्यानें शेवटीं हात जोडावे.

मला मात्र हे मैल पाहिले कीं पुण्याचीच आठवण होते. पुण्याप्रमाणेंच ते कणाकणानें जमतात, दुसऱ्याच कोणाच्या तरी वहींत लिहिले जातात, आणि संपले कीं वरच्या लोकांतून खालीं यावें लागतें. फरक इतकाच कीं चित्रगुप्त आपले दर मध्येंच बदलीत असल्याचें ऐकिवांत नाहीं. विमानकंपन्या बदलतात. किती मैलांना कोठला प्रवास, हें सांगणारें दरपत्रक ‘डेल्टा’ कंपनीनें २०१५ सालीं काढूनच टाकलें; काल जें तिकीट पंचवीस हजारांना मिळे तें आज चाळीस हजारांना मिळेल, आणि दाद कोणाकडे मागावी? नियमावलींत बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं, हे मैल तुमचे नव्हेतच, कंपनीचेच आहेत. आणि त्यांची खरी किंमत कंपनीला पुरती ठाऊक असते. २०२० सालीं करोनाच्या सांथींत विमानें जमिनीवर उभीं होतीं, तेव्हां ‘युनायटेड’नें ही मैलांची योजनाच तारण ठेवून अब्जावधि डॉलरांचें कर्ज उभारलें. त्या वेळीं योजनेचें मोल सुमारें २२ अब्ज डॉलर धरलें गेलें. शेअरबाजारांत सबंध कंपनीची किंमत त्याहून कमी होती. म्हणजे विमानें, वैमानिक आणि आकाश यांहून आम्हां लोकांची आशाच अधिक मोलाची ठरली!

कंपनीच्या निधनानंतर मैलांचें काय होतें, याविषयीं आपल्याकडे तीन दर्शनें प्रचलित आहेत. २०१२ सालीं ‘किंगफिशर’चीं विमानें बंद पडलीं आणि तिचे मैलही तिच्याबरोबर गेले, देहाबरोबर सर्व संपतें, हें चार्वाकाचें मत. एप्रिल २०१९ मध्यें ‘जेट एअरवेज’ थांबली, पण तिची मैलांची योजना ही निराळी कंपनी असल्यामुळें मैल वांचले आणि त्याच वर्षीं त्यांनीं ‘इंटरमाइल्स’ हें नवें नांव धारण केलें; देह पडला, आत्मा राहिला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘विस्तारा’ एअर इंडियांत विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंटही तिकडेच जमा झाले. ही सायुज्य मुक्ति. एअर इंडियानें २०२५ सालीं आपल्या योजनेला ‘महाराजा क्लब’ असें नांव दिलें आहे. तिचा तो मिशीवाला महाराजा १९४६ सालचा. त्याच्या दरबारांत आतां माझ्यासारखे शिक्षकही पॉइंट मोजीत बसतात.

या सर्वांतून माझे स्नेही जो उपदेश काढतात तो योग्यच आहे: फार सांठवूं नये, पण क्षुल्लक कामासाठींही मोडूं नये. माझ्या खात्यावर १,४०,००० पॉइंट जमले होते. त्यांचें काय करावयाचें तेंही ठरलें होतें. आमच्या घरीं गुडघेदुखी आहे; ती माझी नव्हे. बोस्टनचा प्रवास म्हणजे वीस-बावीस तास पाय दुमडून बसणें, आणि मागच्या खेपेस उतरल्यावर पत्नीला दोन दिवस जिना चढवला नव्हता. तेव्हां या खेपेस जातांना तरी तिला पुढच्या भागांत पाय पसरून निजतां यावें, असा बेत होता. मी मागें बसणार होतों. स्नेह्यांनीं हिशेब करून दिला होता: पॉइंटाला सवा रुपया. त्यांच्या चेहऱ्यावर विद्यार्थी पहिल्या वर्गांत आल्याचें समाधान होतें.

अशांत एके दिवशीं कलकत्त्याहून फोन आला कीं माईला इस्पितळांत ठेवलें आहे. माई माझी मधली बहीण; लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. थोरली अक्का माझ्याहून पंधरा वर्षांनीं मोठी. आई गेली तेव्हां मी आठ वर्षांचा होतों, आणि त्यानंतर मला अंघोळ घालण्यापासून मॅट्रिकच्या परीक्षेला दहीसाखर देण्यापर्यंत सारें तिनेंच केलें. ती पुण्यालाच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एकटी राहते. दोघी बहिणींची गांठ पडून अकरा वर्षें झालीं होतीं. आगगाडीचा तीस तासांहून अधिक प्रवास आतां तिच्यानें होण्यासारखा नव्हता, आणि विमानाचें तिकीट मी काढून देतों म्हटल्यावर तिनें तें सरळ नाकारलें.

अक्काचा स्वभाव ज्यांना ठाऊक नाहीं त्यांना हें विचित्र वाटेल. तिनें आजवर धाकट्या भावाचा एक रुपया घेतलेला नाहीं. भाऊबीजेच्या ओवाळणींत पन्नासाची नोट असेल तर ती ठेवून घेते. पांचशांची असेल तर दुसऱ्या दिवशीं तिचे डिंकाचे लाडू होऊन परत येतात. “साडेआठ हजार! अरे, एवढ्यांत मी तीन महिने जेवते. माईला म्हणावें, फोनवर बोलूं,” असें म्हणून तिनें विषय संपविला. पण त्या रात्रीं तिच्या खिडकींतला दिवा उशिरापर्यंत जळत होता, असें शेजारच्यांनीं सांगितलें.

मार्ग काढला तो पत्नीनें. सकाळीं ती स्वतः अक्काकडे गेली आणि म्हणाली, “वन्सं, यांच्या खात्यावर पॉइंट पडून आहेत. त्यांना पैसे पडत नाहींत. आणि वेळेवर वापरले नाहींत तर ते बुडतात.”

“बुडतात म्हणजे?” अक्कानें विचारलें.

“वाया जातात.”

वाया जाणें हा शब्द अक्काला सहन होत नाहीं. शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या लुगड्याची गोधडी आणि कोथिंबिरीच्या काड्यांची चटणी करणारी ती पिढी. तिनें थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “मग घेते हो. टाकून कशाला द्यायचे?”

मी तिच्याबरोबर गेलों. जाण्यायेण्याच्या चार तिकिटांना मिळून ६८,००० पॉइंट लागले. स्नेह्यांना हें कळलें तेव्हां त्यांनीं तिथल्या तिथें हिशेब मांडला: तिकिटाचे ८,५००, वजा कर ७००, भागिले १७,०००. “पॉइंटाला सेहेचाळीस पैसे!” ते एखादी दुःखद वार्ता सांगावी तसे म्हणाले. “आणि तुमच्या अक्का रोखीनें जाणारच नव्हत्या, तेव्हां माझ्या पहिल्या उपनियमाप्रमाणें तेवढेही धरतां येत नाहींत. अहो, त्यापेक्षां रोख तिकीट काढून त्यांना पॉइंटांचें आहे म्हणून सांगायचें होतें.” गणिताच्या दृष्टीनें ही सूचना बिनतोड होती. पण ज्या बहिणीनें मला खोटें बोलल्याबद्दल आयुष्यांत एकदांच मारलें, तिला त्र्याहत्तराव्या वर्षीं फसविण्याचें धैर्य मला झालें नसतें.

मी मात्र तेव्हांपासून या सूत्राचा विचार करीत आहें. पॉइंट हा कमी प्रतीचा पैसा आहे, असें तें सूत्र गृहीत धरतें. म्हणून त्याचा पैसा जास्तींत जास्त कसा होईल एवढेंच तें पाहतें. मला वाटतें, पॉइंट पैसा नाहीं हाच त्याचा विशेष गुण आहे. पैशाला देणारा असतो, घेणारा असतो, आणि दोघांच्या मध्यें मानापमानाची एक भिंत असते. घरच्या झाडाचे आंबे शेजाऱ्याला देतां येतात, पण त्या आंब्यांच्या किमतीची नोट पाठवून पाहा! पॉइंट हे त्या आंब्यांच्या जातीचे आहेत. ते आपणच मिळविलेले असतात, पण मिळविल्यासारखे वाटत नाहींत. आणि ठेवले तर नासतात. जें पैशानें देतां येत नाहीं तें त्यांच्या योगें देतां येतें. आंब्याला झाडाजवळ किती पैसे पडले हें विचारणारा माणूस हिशेबी असेल. आंबा कोणाच्या तोंडीं पडला हें त्याच्या हिशेबांत येत नाहीं.

माई बरी झाली. अक्का तिच्या खाटेशेजारीं बसली तेव्हां दोघी पहिला अर्धा तास कांहींच बोलल्या नाहींत. मीच आपला विमान, हवा, कलकत्त्याची ट्राम असें कांहीं तरी बोलत होतों. तिसऱ्या दिवशीं माई घरीं आली. चौथ्या दिवशीं दोघी आईच्या तांब्याच्या घंगाळावरून कडाडून भांडल्या. तें घंगाळ माईनें लग्नांत नेलें, कीं आईनें मरणापूर्वीं अक्काला दिलें होतें, हा वाद अर्ध्या शतकाहून जुना आहे, आणि इतका रंगलेला तो मीं पूर्वीं कधीं ऐकला नव्हता. माईच्या गालांवर रंग आला होता. डॉक्टरांनीं तिला बोलण्यास मनाई केली होती. पण त्या मनाईला कोणी जुमानीत नव्हतें.

आमचा बोस्टनचा बेत अर्थातच बदलला. उरलेल्या ७२,००० पॉइंटांत पुढची खुर्ची येत नव्हती. शिवाय त्याच हिंवाळ्यांत दरही वाढले. या उन्हाळ्यांत आम्ही दोघेंही मागच्या भागांत बसून गेलों. दर दोन तासांनीं ती उठे आणि खुर्च्यांमधल्या वाटेनें शेवटपर्यंत जाऊन येई. पुढच्या भागाच्या पडद्याशीं येऊन वळतांना एकदां ती माझ्याकडे पाहून हंसलीही. उतरल्यावर एक दिवस जिना चढवला नाहीं. दुसऱ्या दिवशीं चढली. ‘सेहेचाळीस पैसे’ हा शब्द तिनें एकदांही उच्चारला नाहीं. आणि स्नेह्यांच्या सूत्रांत या न बोलण्याला कोठें जागा आहे हें मला अजून सांपडलेलें नाहीं.

गेल्या आठवड्यांत अक्काचा फोन आला. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ती जरा थांबली, आणि अगदीं सहज विचारावें तसें म्हणाली, “अरे, तुझे ते पॉइंट पुन्हां कांहीं बुडायला आलेत का? नाहीं, त्या घंगाळाचें बोलणें तसेंच अर्धें राहिलें आहे.”

मी काय उत्तर द्यावें याचा विचार करीत होतों. तेवढ्यांत आंतून आवाज आला, “अहो, मार्चअखेर बुडणार आहेत म्हणून सांगा. कालच पत्र आलेंय!”